रीलमधले मॅनर्स आणि मुंबईतलं घर: कोणाकडे जेवायला जाताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

हल्ली जेवायला येणारी मंडळी एटिकेटचे रील्स बघून येतात. कुठल्या हिरोने मुलाखतीत काहीतरी सांगितलेलं असतं, कुठल्या राजघराण्यातल्या सुनेने पाय तिरके ठेवून कसं बसायचं ते कोणीतरी बाण काढून दाखवलेलं असतं, आणि आपली माणसं ते सगळं उचलून थेट माहीमच्या वन-बीएचकेमध्ये आणतात. मग पाहुणा दिसतो एकदम सभ्य आणि घरातली बाई मात्र रात्री अकरा वाजता ओट्याला टेकून उभी, कारण त्या सभ्यपणाने तिचं काम दुप्पट झालेलं असतं. त्यामुळे इथे एकच गोष्ट नीट सांगते, कोणाच्या घरी जेवायला जाणं, निमंत्रण आल्यापासून त्यांचा डबा परत देईपर्यंत. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक चुका घरात शिरायच्या आधीच झालेल्या असतात.

टप्पा 1: सल्ला आधी गाळून घ्या

टॉम फोर्ड म्हणून अमेरिकन फॅशन डिझायनर आहे, त्याने 2011 मध्ये एका मासिकात आजच्या काळातल्या जंटलमनसाठी पाच धडे दिले होते. ते अजून फिरतायत. त्यातलं फिरतं काय, तर शहरात शॉर्ट्स घालू नका, बाई बरोबर असेल तर तिला रस्त्याच्या आतल्या बाजूने चालू द्या, टेबलाशी कोणी आलं किंवा तिथून उठलं की उभे राहा. आता त्याच यादीत त्याने हेही म्हटलं होतं की कुठे काय शोभतं ते कळायला पाहिजे, आणि माणूस कुठून आलाय त्यावरून त्याला जोखू नका. हे दोन मुद्दे रीलमध्ये येत नाहीत, कारण ते कॅमेऱ्यासमोर करून दाखवता येत नाहीत.

म्हणून सल्ला कोणाचाही असो, टॉम फोर्डचा, बच्चनचा नाहीतर तुमच्या आत्याचा, एकच प्रश्न विचारायचा. हे मी केलं तर ज्याच्या घरी चाललोय त्याचं काम कमी होणार का वाढणार? वाढणार असेल तर सोडून द्या, कितीही भारी दिसत असलं तरी.

उदाहरण घ्या. दादर स्टेशनबाहेर रानडे रोडला बरोबरच्या बाईला आतल्या बाजूने चालवायला जाल तर ती थेट भाजीवाल्याच्या टोपलीत पाय घालेल. तिथे एकामागे एक चालायचं आणि पुढच्याने मागच्याला खड्डा दाखवायचा, बस. शॉर्ट्सचंही तेच, जुलैमध्ये हिंदमाताला पाणी भरलेलं असताना बर्म्युडा घालून आलेला आणि पिशवीत कोरडी पॅन्ट आणलेला माणूस माझ्या मते जास्त सुसंस्कृत, चिखलाची फॉर्मल पॅन्ट घेऊन सोफ्यावर बसणाऱ्यापेक्षा.

टप्पा 2: निमंत्रण आलं त्याच दिवशी

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त चुकवतात आणि ह्याच्यावर रील एकही नाही.

1. येणार का नाही ते त्याच दिवशी सांगा, फार तर दुसऱ्या दिवशी. "बघतो, ट्राय करतो" हे उत्तर धरलं जात नाही. ट्राय करणाऱ्या माणसासाठी कुकर किती लावायचा ते सांगा मला.

2. किती जण ते आकड्यात सांगा. "आम्ही सगळे" म्हणजे किती? मुंबईत मासे मोजून आणतात. सहा माणसं असतील तर सुरमईच्या बारा तुकड्या, त्यातली एखादी आजींना मऊ लागते म्हणून पोटाकडची, असा हिशोब कोळणीसमोर उभं राहून केलेला असतो. तुम्ही दारात "हा माझा मित्र, जवळच राहतो म्हणून घेऊन आलो" म्हणता तेव्हा घरातल्या कोणाची तरी तुकडी गेलेली असते, आणि ती कोणाची गेली हे तुम्हाला कधीच कळत नाही.

3. खाण्याचं पथ्य आत्ता सांगा. श्रावण पाळता का, संकष्टी आहे का, गुरुवारी नॉनव्हेज चालत नाही का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, डायबेटिस आहे का. 2023 मध्ये सुधा मूर्ती एका खाण्याच्या शोमध्ये म्हणाल्या की शाकाहारी आणि मांसाहारी दोन्हीला एकच चमचा वापरत असतील अशी धास्ती वाटते म्हणून त्या परदेशी जाताना स्वतःचं खाणं बरोबर नेतात. त्यावर नेटवर केवढी भांडणं झाली. माझं म्हणणं एवढंच की प्रवासात तुम्ही काय न्यायचं तो तुमचा प्रश्न, पण कोणाच्या घरी टेबलावर बसून "ही कढई वेगळी आहे ना?" विचारणं म्हणजे तिने सकाळपासून केलेल्या स्वयंपाकावर शंका घेणं. तोच प्रश्न चार दिवस आधी फोनवर विचारलात तर ती स्वतःहून म्हणते, अरे मग त्या दिवशी शाकाहारीच करते, काय त्यात.

तपासा: माणसं किती, मुलं किती, काय चालत नाही, साधारण किती वाजता. ह्या चार गोष्टी एका मेसेजमध्ये गेल्या का? नसतील तर आत्ता पाठवा, मग पुढे वाचा.

टप्पा 3: हातात काय न्यायचं

रिकाम्या हाताने जायचं नाही हे आपल्याला घरीच शिकवलेलं असतं, त्यासाठी सेलिब्रिटी लागत नाही. घोळ होतो तो काय न्यायचं ह्यात.

आमच्याकडे एका ताईंनी लिलीचा एवढा मोठा बुके आणला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, रिबिन वगैरे. दार उघडलं तेव्हा माझे दोन्ही हात कणकेचे. बुके घ्यायचा कसा? कोपराने धरला. मग फुलदाणी कुठे, तर फुलदाणी नाही. पाण्याचा जग टेबलावर लागणार होता. शेवटी त्या लिली बाथरूममधल्या बादलीत उभ्या केल्या आणि ज्याला ज्याला हात धुवायला जायचं त्याने आधी बुके सरकवायचा, असं रात्रभर चाललं. फुलं सुंदर होती, त्यात वाद नाही.

नियम साधा आहे, आणलेल्या वस्तूने त्या क्षणी कोणाला कामाला लावता कामा नये. चालणाऱ्या गोष्टी: फळं, सुका मेवा, चांगला चहा, कोरडी मिठाई किंवा फरसाण असं काहीही जे उद्या परवा उघडता येईल. न चालणाऱ्या: आइस्क्रीम (फ्रीजरमध्ये आधीच मटार, मासे आणि बर्फाचे ट्रे कोंबलेले असतात), केक (कापा, प्लेट काढा, नॅपकिन शोधा, त्यांनी केलेली खीर मागे पडते ते वेगळंच), आणि मुलांसाठी आवाज करणारं खेळणं. गजरा आणलात तर उत्तम, त्याला फुलदाणी लागत नाही.

गणपतीत जात असाल तर वेगळं. तिथे सगळे पेढेच आणतात, तिसऱ्या दिवशी घरात पेढ्यांचा ढीग असतो आणि खाणारं कोणी नसतं. त्यापेक्षा फोन करून विचारा, येताना दुर्वा, जास्वंद, केळीची पानं काही आणू का दादरहून. हा प्रश्न ऐकून यजमानांचा जीव भांड्यात पडतो.

इशारा: भेट देताना किंमत, दुकान, किती लांब जाऊन आणली हे सांगायचं नाही. "हे घ्या" एवढंच.

टप्पा 4: वेळ

ब्रिटिश पद्धतीचे एटिकेट शिकवणारे सांगतात, जेवणाच्या निमंत्रणाला आधी कधीच पोचू नका, दहा-पंधरा मिनिटं उशीर झालेला बरा. हा मात्र मुंबईत शंभर टक्के लागू पडणारा सल्ला आहे. बऱ्याच बिल्डिंगांमध्ये पाणी ठरावीक वेळेलाच येतं, संध्याकाळी त्या वेळात घरातलं एक माणूस पिंप भरत असतं, एक आंघोळीला आणि एक घर आवरत. अर्धा तास आधी बेल वाजवलीत तर त्यांच्यातला कोणीतरी टॉवेलवर सापडणार.

रविवारी निघताना मेगाब्लॉक बघा. मध्य आणि हार्बरवर असतोच बहुतेक, वेस्टर्नला जम्बो ब्लॉक. "अरे ब्लॉक होता माहीतच नव्हतं" हे कारण मुंबईत जन्मलेल्या माणसाने देऊ नये.

आणि "निघालो" हा मेसेज घराबाहेर पडल्यावर पाठवायचा, आंघोळीला जाताना नाही. त्यापेक्षा स्टेशन कळवा. "आत्ता कुर्ला गेलं" म्हटलं की यजमानांना कळतं तळणीला कधी लागायचं, गरम वडे हवे असतील तर एवढं तरी करा.

सोसायटीच्या गेटवर नाव, फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर विचारला की द्यायचा, वाद नाही. तिथे "मला ओळखत नाहीस का" म्हणून आवाज चढवणारा पाहुणा वर जाऊन कितीही गोड वागला तरी उपयोग नाही, त्या वॉचमनकाकांना रोज तोंड द्यायचंय ते यजमानांना. गाडी कुठे लावायची ते वर फोन करून विचारा. जागा रिकामी दिसली म्हणून लावलीत आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीची निघाली तर पुढचे सहा महिने ऐकून घेणार कोण?

टप्पा 5: दारात आणि पहिली दहा मिनिटं

चपला बाहेर, आणि जोडीने, पॅसेजच्या कडेला. शेजाऱ्यांच्या दारासमोर नाही. छत्री पण बाहेरच. अमिताभ बच्चन रविवारी जुहूला जलसाच्या गेटवर चाहत्यांना भेटायला जाताना पायातलं काढून जातात, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. ते जमतं त्या माणसाला, आणि आपल्याकडे येणारे काही जण स्नीकर्सची लेस सोडायला कंटाळा म्हणून "पुसून आलोय" सांगतात.

आत शिरल्यावर क्रम असा:

1. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला आधी भेटा. आजी आतल्या खोलीत पलंगावर असतील तर विचारून आत जाऊन भेटा. वाकून नमस्कार करायचा का नुसता हात जोडायचे हे घर बघून, पण सोफ्यावरून हात हलवून "हाय आजी" नको.
2. पाठीवरची सॅक, पिशव्या एका कोपऱ्यात, विचारून. डायनिंग टेबलावर नाही, ती सॅक लोकलच्या फलाटावर ठेवलेली असते.
3. हातपाय धुवायला जागा विचारा.
4. मग बसा. जिथे सांगतील तिथे.

चार्जर लावायचा असेल तर विचारा, आणि प्लगला जे लावलंय ते काढू नका. एकाने वायफायचं काढलं आणि आतल्या खोलीत मुलाची ऑनलाइन टेस्ट चालू होती.

इशारा: "केवढ्याला घेतलं?", "कार्पेट किती?", "मेंटेनन्स काय पडतो?" हे पहिल्या भेटीत विचारायचं नाही. मला माहितीय हा मुंबईचा राष्ट्रीय प्रश्न आहे. तरी नाही. भाड्याने राहणाऱ्या माणसाला तर अजिबात नाही.

टप्पा 6: मदत आणि उभं राहणं

टॉम फोर्डचा उभं राहण्याचा नियम आमच्याकडे एक गृहस्थ मनापासून पाळत होते. आमचं फोल्डिंगचं टेबल उघडलं की खुर्ची आणि फ्रीज ह्यांच्यात वीतभर जागा उरते. मी गरम पोळी घेऊन बाहेर आले की हे उभे. खुर्ची मागे, फ्रीजला धक्का, फ्रीजवरची औषधांची टोपली हलली, सासूबाईंनी ती धरली, मी पोळी उलथन्यावर घेऊन थांबले, हे बसले, मी वाढली, आत गेले, परत आले, परत उभे. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अहो बसा हो, शाळा आहे का ही?"

उभं राहायचं ते पहिल्यांदा कोणी मोठं माणूस खोलीत आलं की. एकदा. नंतर जागा अडवायची नाही हाच मोठा मान.

मदतीचंही असंच. "काही मदत करू का?" हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर मराठी घरात कायम "छे छे, बसा तुम्ही" हेच येणार. नेमकं काम विचारा: "पाणी भरून ठेवू का?", "ताटं घेऊ?", "मुलांना आधी वाढू का मी?" हो म्हणाल्या तर करा, नाही म्हणाल्या तर खरंच बसा. मुंबईतल्या स्वयंपाकघरात दीड माणूस मावतं, तिसऱ्याने तिथे उभं राहून गप्पा मारणं म्हणजे मदत नाही. आणि नुसत्या बायकांनी उठायचं, पुरुषांनी मॅच बघायची, हे चालणार नाही. पाहुण्यांमधला एखादा पुरुष पाणी भरायला उठला की घरातलेपण उठतात, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

टप्पा 7: जेवताना

काटा-चमचा कुठल्या कोनात ठेवला की जेवण संपलं समजायचं, हे हॉटेलात कामाला येईल. वरणभात हाताने खायचा असतो, तिथे खुणा वेगळ्या.

पहिल्यांदा कमी घ्या. सगळं थोडं थोडं. आग्रह होणारच आहे, त्याला जागा ठेवा. सुरुवातीलाच ताट भरलंत तर दुसऱ्यांदा "नको" म्हणावं लागतं आणि तिला वाटतं आवडलं नाही. नकोच असेल तर ताटावर आडवा हात धरून नाटक करू नका, आधीच शांतपणे सांगा, "भात घेणार आहे अजून, पोळी बास."

उष्ट्या हाताने डाव धरायचा नाही, डाव्या हाताने वाढून घ्यायचं. हे अजून बऱ्याच घरांत काटेकोर पाळतात, तुमच्या घरी नसेल तरी इथे पाळा. ताटात हात धुवायचे नाहीत. काटे ताटाच्या कडेला, टेबलावर नाहीत. फोटो काढायचा तर कोणीही हात लावायच्या आधी एक, पटकन. सगळ्यांना थांबवून लाइट ॲडजस्ट करणारा माणूस परत बोलावला जात नाही.

घरातली बाई शेवटी एकटी जेवणार असं दिसलं तर "तुम्ही पण बसा ना" हे सगळे ताक प्यायला लागल्यावर म्हणून काय फायदा? अर्ध्यावर असतानाच म्हणा, "आता पोळ्या पुरेत, बाकीचं आम्ही आमचं घेतो, बसा." आणि मग खरंच आपलं आपण घ्या.

तारीफ नेमकी करा. "छान झालंय सगळं" कोणीही म्हणतं. "ह्या आमटीत आमसूल आहे का, चिंच नाही वाटत" असं विचारलंत तर ती रेसिपी सांगत बसेल आणि तिचा दिवस चांगला जाईल.

तपासा: ताटात काही टाकलं नाही ना? पाहुण्यांच्या ताटातलं उरलेलं उचलणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे.

टप्पा 8: भांडीवाल्या मावशी आणि बाकीची माणसं

सेलिब्रिटींच्या सल्ल्यांत हा टप्पा नसतोच. पाहुणे आठ आले की दुसऱ्या दिवशी मावशींना भांडी दुप्पट. म्हणून ताट उचला, खरकटं कचऱ्याच्या डब्यात काढा, ताट सिंकमध्ये एकात एक ठेवून वर पाणी सोडा. प्रत्येक वेळी नवीन ग्लास घेऊ नका, एक घेतलाय तोच वापरा. मावशी समोर असतील तर त्यांच्याशी दोन शब्द बोला, आणि "अहो मावशी" म्हणा, "ए" नाही.

2000 मध्ये सुरू झालेल्या केबीसीत बच्चन समोरच्यासाठी खुर्ची सरकवतात ते सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि तेवढंच उचललं जातं. माझ्या मते उचलण्यासारखं दुसरंच आहे. समोर शेतकरी असो, शिपाई असो की विद्यार्थी, तो माणूस सगळ्यांना "आप" म्हणतो. खुर्ची सरकवणारे पाहुणे मी बघितलेत, तेच जेवण घेऊन आलेल्या डिलिव्हरीवाल्या पोराला "ए, किती उशीर" म्हणतात.

टप्पा 9: निघणं

जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास गप्पा, मग उठा. यजमानांना सकाळी सहा-सव्वासहाची लोकल असू शकते. खुणा बघा: घरातलं मूल तिथेच पेंगायला लागलं, कोणीतरी पंख्याचं बटण उगाच कमी-जास्त करतंय, "अजून कॉफी घेणार का" विचारताना आवाज खाली गेलाय. ह्याच्यापुढे थांबायचं नाही.

दारातल्या गप्पा पाच मिनिटांच्या आत. लिफ्टचं दार पाय घालून उघडं धरून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा उरलेला अर्धा किस्सा सांगणं हा आपला खास प्रकार आहे, खाली कोणीतरी आजारी माणसाला घेऊन लिफ्टची वाट बघत असू शकतं.

घरी पोचलात की मेसेज करा, कितीही वाजले तरी, विशेषतः शेवटच्या लोकलने गेला असाल तर. ते जागे असतात.

टप्पा 10: दुसरा दिवस आणि डबा

दुसऱ्या दिवशी एक फोन किंवा मेसेज, ज्याच्यात एखादा पदार्थ नाव घेऊन असेल. फॉरवर्ड केलेलं धन्यवादाचं जीआयएफ नको. फोटो टाकण्याआधी विचारा, लहान मुलांचे आणि घरात कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांचे तर नक्कीच.

आणि येताना बरोबर जो स्टीलचा डबा दिलेला असतो तो परत द्या, आठवडाभरात. रिकामा देत नाहीत. चार लाडू, मूठभर शेंगदाणे, काहीच नसेल तर साखर, पण काहीतरी घालून. घासून, कोरडा करून, आणि झाकण त्याच डब्याचं आहे ना ते लावून बघा, कारण डब्याच्या तळाला नाव कोरलेलं असतं, झाकणाला नसतं, आणि आमच्याकडे आत्ता तीन झाकणं अशी आहेत जी कुठल्याच डब्याला बसत नाहीत.